बाळूकाकांचा उजवा खांदा

पार्ल्यात कुणी गेलं की डॉक्टरांच्या पाठोपाठ बाळूकाका सामंत पोचत. कधीकधी डॉक्टरांच्या आधीच. आमच्या शेजारचे हे गृहस्थ पोटासाठी कचेरीत कारकुनी करत, पण जीव सगळा तिरडी बांधण्यात आणि पहिला खांदा देण्यात. "जिवंतपणी हिसके बसले तेवढे पुरे, आता तरी माणसाला नीट न्या," असं दटावत ते बाकीच्या तिघांची पावलं जुळवून घेत. लग्नामुंजीला मात्र त्यांना फारसं कुणी बोलावत नसे.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. आमच्याच वाडीतले जोगळेकर आजोबा गेल्याचं कानावर आलं आणि काका सायकलला बांबू बांधून सुटले. वळणावर बांबू कुंपणात अडकला, काका उजव्या खांद्यावर आपटले. सांधा सुटून गळ्याखालच्या हाडाचं टोक टेंगळासारखं वर आलं. आजोबांना नुसती भोवळ आली होती. दुसऱ्या दिवशी तेच मोसंबी घेऊन इस्पितळात हजर झाले, तेव्हा काकांनी त्यांच्याकडे जरा नाराजीनंच पाहिलं.

सर्जननी समजावलं, की हाड खाली दाबून स्क्रूनं बसवू, तुटलेले बंध शिवू, सांधा जुळला की स्क्रू काढून टाकू. काकांनी एवढंच विचारलं, "हात डोक्यापर्यंत नाही गेला तरी चालेल, डॉक्टर. तिरडी पेलेल ना?"

सर्जन पुन्हा एक्स-रे बघू लागले. आजोबांनीच धीर दिला, "बाळू, तू बरा होईपर्यंत मी काही जात नाही."

सांधा जुळला, स्क्रू निघाला, पण खांद्यावर भार आला की जीवघेणी कळ येई. डाव्या खांद्यानं काकांची पावलं चुकत. मग ते नुसतेच पुढे चालत हुकूम सोडू लागले. पूर्वी निदान ओझ्यानं तरी त्यांचं तोंड जरा आवरतं असे, म्हणून लोक कुरकुरत. पण तिरडी उचलताना काका मान फिरवून घेत, ते मी पाहिलं आहे. फार वाईट वाटे.

तीन-चार वर्षांनी काका झोपेतच गेले. तिरडी बांधायची कशी, हे वाडीत कुणालाच धड येत नव्हतं; ते काम कायम काकांचं. कशीबशी बांधली. उचलणार, तेवढ्यात जोगळेकर आजोबा काठी टेकत आले आणि आपल्या मुलाला म्हणाले, "सरक. याचा खांदा माझ्यापायी गेला. उजवा खांदा मी देणार."

त्यांना नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही. तिरडी एका अंगाला कलली, चौघांची पावलं चार तऱ्हेची पडत होती. फाटकापर्यंत काकांना नुसते हिसके बसत गेले, आणि आम्हाला दटावायला कुणी नव्हतं.