उरलेला दाणा

…आणि मग जैतूने मोबाइल हाताच्या टोकाला धरला, डोळे बारीक केले आणि मला विचारलं, "दादा, एवढी शक्ती हाय या बाईकडं, तर हिच्या दारात माणसं कशी नाय?"

काल इथपर्यंत आलो होतो, तेवढ्यात जेवायला हाक आली आणि गोष्ट ताटावर गेली. आता पुढचं सांगतो. पण काल जे नव्हते त्यांच्यासाठी जरा मागे जाऊ. मला काय, मागे जायला आवडतंच.

तर ती बाई म्हणजे मोबाइलवरच्या मालिकेतली. माझी नात भाविका शहापूरला कॉलेजात जाते, तिने मला तो नाद लावला. गोष्ट आपल्या पृथ्वीवरची नाहीच. कुठल्या कुठे लांबच्या ताऱ्यांवर माणसं राहतात, विमानातून एका गोळ्यावरून दुसऱ्या गोळ्यावर जातात, आपण सापगावातून शहापूरला बाजाराला जातो तशी. आणि साऱ्या विश्वातून एक लहर वाहते. काही जणांनाच ती लहर पकडता येते. त्यांना राखणदार म्हणतात. ते नुसत्या मनाने धोंडा उचलतील, दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते ऐकतील. पण त्यांना तीन शपथा. लहर स्वतःसाठी वापरायची नाही. रागात वापरायची नाही. आणि कुणाच्या मनात शिरून त्याची मर्जी फिरवायची नाही.

त्यातली एक राखणदारीण, डोकं भादरलेली, नाव काही माझ्या लक्षात राहत नाही. तिने तिसरी शपथ मोडली. सेनापतीच्या मनात शिरून लढाई थांबवली. लाखो जीव वाचले, आणि तिच्याच लोकांनी तिला हाकलून दिलं. भाविका म्हणते, बाईचं बरोबर. मी म्हणतो, शपथ ती शपथ. यावरून आमच्या घरात वरण करपलेलं आहे.

म्हटलं, हा निवाडा करावा तर जैतूनेच. कारण आमच्या ओळखीत शक्तीवाला माणूस तोच एक.

जैतूची वाडी मुरबाडच्या पुढे, डोंगराच्या पोटात. माझी सासुरवाडी तिच्या पायथ्याशी. बायको सरस्वती गेली तरी भाताची झोडणी आटपली की मी तिकडे जातोच. शहापूरहून एसटीने सरळगाव, तिथून जीप, आणि जीपवाला कंटाळला की पाय. जैतू वाडीचा भगत. बाप भगत, आजा भगत. त्याला कुणी विचारलं नव्हतं तुला व्हायचंय का म्हणून. बाप गेला, बाराव्याला सूप त्याच्या हातात दिलं, झाला भगत.

त्या वाडीची एक रीत आहे. घरात काही वाईट झालं की त्या घरचे मूठभर तांदूळ घेऊन भगताकडे यायचं. वाडीतली मोठी माणसं ओट्यावर गोल करून बसतात, प्रत्येकाचा उजवा तळहात उघडा. भगत सुपात तांदूळ सोडतो आणि दोन-दोन दाणे बाजूला सारतो. सगळ्या जोड्या जमल्या तर साधं दुखणं, डॉक्टरकडे न्या. एक दाणा उरला तर कुणाची तरी करणी. मग भगताने तो दाणा घेऊन गोलात फिरायचं आणि मनात येईल त्याच्या तळहातावर ठेवायचा. ज्याच्या हातावर दाणा, तो भुताळा नाहीतर भुताळीण.

जैतूने असा दाणा एकदा वाडीतल्याच रंगूच्या हातावर ठेवला होता. फार वर्षं झाली. रंगू पोरांना घेऊन वीटभट्टीवर गेली ती परत आली नाही. तिच्या झोपडीच्या जागी आता निरगुडी माजलीय. जैतू त्या बाजूने जात नाही, झऱ्यावर जायला लांबचा फेरा घेतो. गुडघे दुखतात तरी.

असा हा माणूस. दिसायला काटक, पण दमलेला. काम करून दमतात तसा नाही. लोकांनी विचारून विचारून दमलेला. कुणाची शेळी हरवली, कुणाची बायको रुसली, कुणाला लॉटरीचा नंबर हवा. म्हणून तर मालिका बघून त्याने पहिलं विचारलं ते दारातल्या माणसांबद्दल.

"चूक की बरोबर ते सांग," मी म्हटलं.

"लढाई थांबली ना? मग बरं झालं."

"म्हणजे भाविकाचं खरं?"

"पण आता बघ. उद्या दुसरी लढाई लागंल, तवा समदे हिच्याकडंच येतील. कर म्हणतील. नाय केला तर हीच वैरीण." त्याने मोबाइल मला परत दिला. "हिला हाकलली ते बरं झालं. जरा झोपंल तरी."

मी हसलो. आणि तेवढ्यात अंगणात वाडीतला लडकू येऊन उभा राहिला. फडक्यात बांधलेले तांदूळ हातात.

लडकूची दुभती म्हैस मेली होती, आणि आता सून काजल तापाने झोपून होती. ताप उतरायचा, परत चढायचा. लडकूच्या मनात नाव ठरलेलं होतं. भिमी. एकटी म्हातारी, मूलबाळ नाही, लडकूच्या बांधाला तिचा बांध, आणि जीभ अशी की कोयता बरा. म्हैस मरायच्या आधी ती म्हणाली होती, "तुझी म्हस माझा वाल खाते, खाईल न् मरंल." झालं.

"उद्या दुपारी बसायचं," लडकू म्हणाला.

मी मध्ये तोंड घातलं. "लडकू, आता कायदा आहे. कुणाला भुताळीण म्हटलंस तर आत जाशील."

"आमी कुठं म्हणतो, दादा? दाणा म्हणंल." आणि तांदूळ ठेवून गेला.

जैतू त्या फडक्याकडे बघत बसला. मी म्हटलं, "सोपं आहे रे. सांग जोड्या जमल्या म्हणून. सुपात कोण डोकं घालणार आहे?"

"दादा, तू तुझी मालिका नीट बघितली नाय."

"का?"

"त्या बाईनं पण चांगल्यासाठीच केला." तो भिंतीला टेकला. "एकदा माझ्या मर्जीनं जोड्या जमवल्या, की दर बारीला जमवायच्या. लडकू काय गप बसंल? दुसरा भगत आणंल खालून. तो पैसं घेऊन ठेवंल भिमीच्या हातावर."

मी मोबाइल खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे ओट्यावर बसले. भिमी सर्वांत आधी येऊन बसली होती, तळहात उघडा ठेवून. तिच्या दोन्ही बाजूंना एकेका माणसाची जागा रिकामी राहिली, कुणी ठरवलं नव्हतं तरी. मी पाहुणा, म्हणून खांबाला टेकून उभा.

जैतूने सूप मांडीवर घेतलं. दोन सारले, दोन सारले. शेवटी त्याचं बोट थांबलं. सुपाच्या काठाशी एक दाणा उरला होता.

बायकांतून एक श्वास उठला. लडकू गुडघ्यावर झाला.

जैतू उठला. उठताना गुडघे वाजले. दाणा चिमटीत धरून तो एकेकासमोरून चालत गेला. लोक तळहात उघडे ठेवून माना खाली घालत होते. भिमीसमोर तो थांबला. फार वेळ थांबला.

भिमी म्हणाली, "ठेव रं जैतू. हात दुखाया लागला माझा."

जैतूने तिच्याकडे बघितलं. मग दाणा स्वतःच्या तोंडात टाकला आणि चावून खाल्ला.

"माझा हाय," तो म्हणाला. "माझ्याकडनं झाला."

लडकूला क्षणभर कळेना. "तुझा? तुझं न् माझं वैर काय?"

"वैर नाय. झाला."

लडकूने सूप लाथाडलं. तांदूळ ओट्याखाली उडाले आणि कोंबड्या धावल्या. भिमी मात्र तळहात तसाच उघडा धरून बसून होती, कुणीतरी बंद कर म्हणेपर्यंत.

त्या दिवसापासून जैतूचं भगतपण गेलं. भुताळ्याला कोण विचारणार? आणि वाडीत दुसरा भगत नाही, भगतच भुताळा निघालेल्या वाडीत खालचा यायला तयार नाही, म्हणून लडकूने सुनेला मुरबाडला दवाखान्यात नेलं. गोळ्या-सलाइनने काजल उठली. डॉक्टर म्हणाले टायफॉइड. वाडी म्हणाली, बघा, जैतूने कबूल केलं आणि करणी सुटली. आता या गोष्टीवर हसावं की काय करावं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण जैतूला ते जड गेलं, हे खोटं कशाला सांगू. झऱ्यावर तो आला की बायका हंडे उचलून बाजूला होतात. लग्नाच्या पंगतीत त्याचं पान शेवटी, उंबऱ्याबाहेर. पोरांना त्याच्या अंगणात जाऊ देत नाहीत. ज्या माणसाच्या दारात उभं राहायला जागा नसायची, तिथे आता शेवग्याची पानं पडतात आणि तशीच राहतात.

फक्त भिमी जाते. मी परवा गेलो होतो, तेव्हा ती काठी टेकत आली आणि दारातूनच ओरडली, "ए भुताळ्या, चहा ठेव! साखर घालून ठेव, मेल्या, मागल्या बारीला घातली नव्हती."

जैतूने चूल फुंकली. मी भाविकाचा प्रश्न घेऊनच गेलो होतो. ती मला रोज विचारते, आबा, जैतूबाबा खोटं बोलले ना? मग त्यांच्यात आणि त्या राखणदारणीत फरक काय? म्हणून मी त्याला सरळ विचारलं, "जैतू, खरं सांग. तो दाणा कुणाच्या नावाचा होता? तू खोटं बोललास की नाही?"

त्याने फुंकणी बाजूला ठेवली, डोळ्यांतला धूर पुसला आणि म्हणाला:

"पोरीला सांग, खोटा नाय बोललो. दाणा कवाच काय बोलत नाय, दादा. बोलायचा तो मीच. रंगूच्या हातावर ठेवला तो पण मीच, दाण्याला काय ठावं रंगू कोण? मग करणी कोणाची झाली, सांग ना. दमलो रं मी. आता ती टकली बाई पुढं काय करते ते लाव, न् आवाज मोठा कर, ही भिमी बहिरी हाय."