डिकीत बसणारी बाज

जगातली सगळी माणसं गाडी पुढून बघतात. आमचे थोरले साडू ती मागून बघतात. जालना रोडवरच्या कुठल्याही शोरूममध्ये शिरले, की ते चकचकीत तोंडाकडे ढुंकूनही न पाहता थेट डिकीशी जातात आणि खिशातून दोन गाठी मारलेली सुतळी काढतात. एक गाठ लांबीची, दुसरी रुंदीची. हे त्यांच्या आईच्या बाजेचं माप. म्हातारी पाचोडला एकटीच राहते. शहरात चल म्हणून साडूंनी तिच्यामागे इतका लकडा लावला, की शेवटी ती म्हणाली, "येते. पण माझी बाज माझ्यासंग, एकाच गाडीत. अन् सुलटी." मोठी गाडी घ्यायची हे त्या दिवशी ठरलं, कोणती, ते बाजेवर सोडलं.

टेम्पोत टाका, टपावर बांधा, असे सल्ले सगळ्यांनी देऊन झाले. पण टेम्पोत आईचे हाल, आणि टपावर बाज उलटी बांधावी लागणार. घरातलं माणूस गेल्याशिवाय त्यांच्याकडे कुणी बाज उलटी करत नाही. दोर सोडून सांगाडा मोकळा करावा, तर वीण वडिलांच्या हातची. तेव्हा साडू शोरूम पालथी घालत राहिले, आणि सोबतीला मी. एका विक्रेत्यानं मोठ्या अदबीनं डिकीची जागा लिटरमध्ये सांगितली, तर म्हणाले, "लिटर? मला काय दूध घालायचंय व्हय?" मग मला शेवटच्या रांगेत कोंबून दार लावलं आणि बाहेरून ओरडले, "साडूभाऊ, जीव गुदमरतो का?" गुडघे हनुवटीला लागले होते, मी होकारार्थी मान हलवली. "मंग ह्या सीटा पाडायच्याच कामाच्या!" असं म्हणून ते भलतेच खूश झाले. एका लग्नात तर त्यांनी नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीची डिकी उघडून सुतळी लावली होती. "सगळ्या सीटा पाडल्यावर आम्ही बसायचं कुठं?" असं मेहुणीनं विचारलं, तेव्हा शांतपणे म्हणाले, "तुम्ही एसटीनं या."

अखेर एका गाडीला सुतळी लागू पडली. ती घेऊन आम्ही दोघं पाचोडला गेलो; येताना मी एसटीनं यायचं होतं. अंगणातल्या लिंबाखालची बाज उचलली, सुलटीच आत सरकवली आणि डिकीचं दार लावलं. अलगद लागलं. साडूंनी लहान मुलासारखी टाळी वाजवली.

म्हातारी ओट्यावर बसून बघत होती. "बसली का रं?"

"बसली की! चल आता."

ती बराच वेळ लिंबाखालच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मला वाटलं, बसायची नाय."

साडूंनी हातातली सुतळी खिशात घातली. मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी डिकी उघडली, मी दुसरं टोक धरलं आणि बाज पुन्हा लिंबाखाली ठेवली.

आता दर रविवारी ते पाचोडला जातात. मेहुणी आणि पोरं अजून एसटीनंच येतात, कारण मागच्या सीटा साडू उभ्या करू देत नाहीत. "राहू द्या," म्हणतात, "आईच्या मनात कधी येईल, काय नेम?"