गाजर गवत वगैरे

निवृत्त होऊन मांजरी गावात राहायला आले तेव्हा आमच्या सोसायटीसमोरचा रस्ता नुकताच रुंद झाला होता आणि कडेला मुरमाचा, राडारोड्याचा एक उघडा पट्टा उरला होता. जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या बाईला आणखी काय हवं? मी रोज सकाळी फिरायला म्हणून निघायचे ती तो पट्टा बघायला.

पहिल्या वर्षी नुसतं गाजर गवत. उजाड जागेवर आधी तेच येतं, बिनबोलावता. मग पावसाळ्यात टाकळा उगवला आणि दर वर्षी गाजर गवताला थोडं थोडं मागे रेटू लागला. रुई आली, तिच्या पानांवर पट्टेरी अळ्या आल्या, अळ्यांची फुलपाखरं झाली. विजेच्या तारेवर बसणाऱ्या पाखरांनी बोराच्या, कडुनिंबाच्या बिया टाकल्या. सहाव्या वर्षी एक कडुनिंब माझ्या खांद्याला लागला. त्याच्यावर माझा फार जीव होता. शेजारच्या आजोबांचं शेत त्याच रस्त्यात गेलेलं. ते म्हणायचे, "बाई, कुनी पानी घातलं न्हाई का खत घातलं न्हाई, तरी रान आपलं आपन सावरतंय बगा."

गेल्या वर्षी सोसायटीत शिंका सुरू झाल्या. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, त्या गाजर गवताची सगळ्यांना ॲलर्जी होतेय. बांधकाम खात्याला अर्ज तुम्हीच ड्राफ्ट करा ना, तुमचं मराठी एकदम फर्स्ट क्लास."

थांबा, टाकळा त्याला हटवतोच आहे, एवढं मला सांगता आलं असतं. पण मी स्तुतीला भुलले. चांगला भारदस्त अर्ज लिहिला: 'रस्त्याच्या कडेचे गाजर गवत वगैरे तातडीने काढावे.' वगैरे कशाला? त्याच्याशिवाय वाक्य तोकडं वाटत होतं, म्हणून. खाली सहीही मीच ठोकली.

जेसीबी आला. मी धावत खाली पोचले तोवर रुई, टाकळा, बोर सगळं एका ढिगात पडलं होतं आणि कडुनिंब मुळासकट त्यांच्यावर. मी मुकादमावर ओरडले, "अहो, फक्त गाजर गवत काढायचं होतं!"

त्याने शांतपणे खिशातून अर्जाची प्रत काढून माझ्यापुढे धरली. "वगैरे लिहिलंय की, मॅडम. सही तुमचीच ना?"

सही माझीच होती. आजोबा फाटकापाशी उभे राहून बघत होते. त्यांचं शेत त्यांना न विचारता गेलं होतं, माझं मी अर्ज करून घालवलं. ते फाटक लोटून घरात गेले.

त्या पट्ट्यावर मग नवा मुरूम पसरला. या पावसाळ्यात तिथे काय उगवलं, हे ओळखायला माझी पदवी लागत नाही. कमरेएवढं गाजर गवत. वगैरे काही नाही.

परवा सेक्रेटरी पुन्हा दारात आले. "मॅडम, परत तोच प्रॉब्लेम झालाय. तुमच्या त्या सुंदर मराठीत आणखी एक अर्ज..."

"मला मराठी येत नाही," मी म्हणाले आणि दार लावून घेतलं.