दिवा लागल्यावर डबा

तीर्थपुरीच्या बाजारात माझं शेतीच्या औषधांचं दुकान आहे. बाटली हातात आली की नजर आधी तारखेवर जाते. गिऱ्हाईक हसतं, पण सवय काही सुटत नाही. त्यामुळे मुलगी पुण्याहून फोनवर म्हणाली, की आईसाठी घरीच हिरवा मसाला घालून मऊ चीज करा, तेव्हा मी पहिलं हेच विचारलं, की त्यावर तारीख कोण टाकणार? तुम्हीच टाका, म्हणाली. तिला बोलायला काय जातं!

बायकोचे उपचार संभाजीनगरला चालू होते. सलाईनमधून औषध चढवून घरी आणलं की तिच्या तोंडाची चव जायची. भात पिठासारखा लागे, वरणाचा वाससुद्धा नको वाटे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, वजन आणखी उतरलं तर पुढचा डोस लांबवावा लागेल. तेव्हापासून वजनकाटा माझा वैरी झाला. दिवसभर ती काही मागत नसे. फक्त दिवेलागणीच्या सुमाराला तिला घटकाभर भूक लागायची. ती घटका चुकली की दुसऱ्या संध्याकाळपर्यंत चार घोट पाण्याशिवाय पोटात काही जायचं नाही.

त्या घटकेला तिला एकच गोष्ट गोड लागायची, ते चीज. ती त्याला पनीरची चटणी म्हणायची. मी म्हशीचं दूध चांगलं उकळायचो, खाली उतरवून लिंबू पिळायचो आणि मलमलीच्या फडक्यात थोडाच वेळ टांगायचो. जास्त टांगलं की ते कोरडं होतं आणि तिच्या घशाखाली उतरत नाही. मग मीठ घालून तळहाताने मळायचं, अगदी लोण्यासारखं. शेपू आणि कोथिंबीर कच्ची घालायची माझी छाती नव्हती. दवाखान्यात कच्चं काही देऊ नका म्हणाले होते, म्हणून दोन्ही उकळत्या पाण्यातून काढून, पिळून, बारीक चिरायचो. लसूण तुपात परतायचो. डबा उकळत्या पाण्याने धुवायचा, चमचा कोरडाच घालायचा. आज केलेलं उद्या संध्याकाळपर्यंत संपवायचं, उरलं तर माझ्या पोटात. रोज वास घ्यायचो, आधी स्वतः चाखायचो. तिच्या अंगात आता जंतूशी झगडायची ताकद नाही, हे वाक्य माझ्या डोक्यात घण घालत असे.

फ्रीजमधून काढल्या काढल्या त्याला चव नसते. थोडं बाहेर ठेवलं की शेपूचा वास येतो. पण थोडं म्हणजे किती, या विचाराने मी ओट्यापाशी घुटमळत राहायचो. ती म्हणायची, त्याच्याकडं असं बघू नका, ते पळून न्हाई जात.

भर उन्हाळ्यात एका दुपारी आमच्या बाजूची विजेची डीपी जळाली. वायरमनला फोन केला तर तो म्हणाला, डीपी घनसावंगीहून येईल तेव्हा येईल. फ्रीज बंद पडला. डबा ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवला, पण हात लावून बघितला तर गारवा उतरत चालला होता. समोरच्या अक्कांचं घर गल्लीच्या पलीकडच्या बाजूला, त्यांची लाईन वेगळी. डबा उचलला आणि त्यांच्याकडे गेलो. वरच्या कप्प्यात, कांद्यापासून लांब ठेवा, झाकण उघडू नका, असं तीनतीनदा बजावलं. अक्का वयाने मोठ्या, तोंडाने फटकळ. तुमच्या डब्याला मी काय नजर लावणार हाय का, म्हणाल्या आणि ठेवून घेतला. मी निर्धास्त होऊन दुकानात जाऊन बसलो. त्या दिवसातली तेवढीच घटका निर्धास्त गेली.

परत आलो तेव्हा अंधारून आलं होतं. गल्लीची आमची बाजू काळोखात, समोरच्या घरांत दिवे. बायको भिंतीला टेकून उठून बसली होती. म्हणाली, आज जराशी जास्तच भूक लागून राह्यली. मी तसाच धावत समोर गेलो.

अक्कांनी देवापुढे दिवा लावला होता. मी डबा मागितला आणि त्या जागच्या हलल्या नाहीत.

"दिवा लागला भाऊ. आता पांढरं घराबाहेर न्हाई जात."

ही रीत मला नवी नव्हती. दिवेलागणीनंतर दूध, दही, मीठ घराबाहेर द्यायचं नाही, आमच्याही घरातून कधी विरजण गेलेलं नाही. डबा ठेवताना ती मला आठवली नाही, कारण माझ्या लेखी ते औषध होतं. मी म्हणालो, अक्का, दूध तुमचं नाही, माझं आहे. त्या म्हणाल्या, फ्रीज मपला हाय. मी चिडलो. बाई आजारी आहे, तिची भूक निघून जाईल, आणि तुम्ही रीत कसली सांगता, असं बरंच बोललो. आवाज चढला होता. त्या तव्यावरची भाकर उलटत राहिल्या.

"मह्या सासूनं कदी दिलं न्हाई, मी बी देणार न्हाई," त्या म्हणाल्या. "पण इथं बसून खायाला कोन न्हाई म्हनतं? वहिनीला घेऊन या. भाकर गरम हाय तोवर या."

त्यांना काय ठाऊक! केस गेल्यापासून दवाखाना सोडला तर बायको उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. बहीण भेटायला आली तरी तोंड फिरवून झोपायची. मी रिकाम्या हाताने परतलो आणि तिला सगळं सांगितलं, अक्कांना चार शब्द लावूनच. वाटलं होतं तीही चिडेल. तिने ऐकून घेतलं.

"तिचं बराबर हाय," ती म्हणाली. मग दाराकडे बघत राहिली. घटका सरत चालली होती. शेवटी तिने डोक्याला स्कार्फ गुंडाळला. "आपल्या बाजूला अंधारच हाय. कोन बघतंय?"

गल्ली ओलांडताना तिने माझं मनगट धरलं होतं. मधे एकदा थांबली, श्वास घेतला. मी परत चल म्हणणार होतो, भीतीने. बोललो नाही ते बरं झालं.

अक्कांनी चुलीजवळ पाट मांडला होता. त्यांनी भाकरीचा पापुद्रा अलगद उचलला, वाफ निघाली, आत चीज पसरलं. वाफेसरशी शेपूचा वास आला. मी चमचा कोरडा आहे ना विचारलं, तेव्हा दोघींनी एकदमच माझ्याकडे बघितलं. आचेने बायकोला घाम फुटला आणि खाता खाता स्कार्फ मागे सरकला. अक्कांनी बघितलं. त्यांनी दुसऱ्या भाकरीचा पापुद्रा उचलला आणि विचारलं, "लसूण तुपातला हाय का?"

"यांनी केलंय," बायको म्हणाली. स्कार्फ तिने वर ओढला नाही. ताटली पुढे केली. "अजून वाढा."

नवी डीपी बसली. आमचा फ्रीज आता धडधाकट चालतो. वजनकाट्याची भीती माझी अजून गेलेली नाही, पुढच्या वेळी तो काय दाखवेल देव जाणे. पण डबा मी अजूनही दुपारीच समोर नेऊन ठेवतो. अक्का का म्हणून विचारत नाहीत. संध्याकाळी त्यांच्या खिडकीत दिवा दिसला, की बायको उठून चप्पल शोधते.