खाजगी संग्रहातला मनगटपट्टा

कोरा प्रुइट एकतीस वर्षं एकाच खुर्चीवर बसली आणि त्या खुर्चीवरून तिने एकाही रोमन माणसाला टोमॅटो खाऊ दिला नाही. रोमन मेजवानीच्या एका प्रसंगात, टोमॅटो युरोपात पोचायच्या दीड हजार वर्षं आधी, तबकभर टोमॅटो मांडलेले तिला दिसले, तेव्हा दिग्दर्शक म्हणाला होता, "मिस प्रुइट, चित्र काळं-पांढरं आहे. कुणाला कळणार?"

"टोमॅटोला," ती म्हणाली. तबक उचललं गेलं.

हॉलिवूडजवळच्या कल्व्हर सिटीतल्या आमच्या स्टुडिओत सुतारशाळेच्या डोक्यावर संशोधन खातं होतं. खातं म्हणजे कोरा, दोन टंकलेखिका आणि हिरव्या पत्र्याच्या खणांत चाळीस हजार कार्डं. मी समोरच्या खोलीत पटकथा वाचत असे, म्हणजे वाईट लिखाण वाचून त्यावर बरं मत देत असे. कोरा आयोवातल्या ओटमवा गावची, तिथल्या वाचनालयातून आलेली. लग्न केलं नव्हतं. दुपारी मेणकागदातलं अंड्याचं सँडविच खाताना ती कार्डांचे खण बंद ठेवी, एवढाच तिचा ऐषाराम.

कार्डांचं महत्त्व मालकांमुळे. त्यांच्या एका चित्रात क्लिओपात्राच्या पाठीला झिप निघाली होती आणि देशभरच्या मास्तरणींनी पोतंभर पत्रं पाठवली होती. मालक स्वतः सहावीपर्यंत शिकलेले, त्यामुळे मास्तरणींना फार भीत. त्यांनी हुकूम काढला की ऐतिहासिक चित्रातल्या प्रत्येक वस्तूचं कार्ड असल्याशिवाय कपड्याला कात्री लागणार नाही. कार्डावर चार ओळी: वस्तू कोणती, कोणाची, कधीची, आधार काय. खाली सही. कोराने त्यात स्वतःचा नियम घातला, की आधाराशिवाय कार्ड नाही.

वस्तू कशाची बनवली, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. चिलखतं नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची असत, वरून लाखेचा हात. साखळी-चिलखत म्हणजे जाड सुतळी. पाच पोर्तुगीज बायका ती लाकडी सुयांवर विणत आणि चंदेरी रंगात बुडवून वाळत घालत. "कशाचं आहे हे शिंप्याने बघावं," ती म्हणे. "होतं की नव्हतं, एवढं मी सांगते."

आता मनगटपट्ट्याबद्दल.

मी स्टुडिओत यायच्या आधीची, एकोणीसशे अडतीसची गोष्ट. वेन कॉल्टर हा तेव्हाचा मोठा नट शताधिपतीचं काम करत होता. तारुण्यात तो आरमारात होता, त्यामुळे डाव्या हातावर मनगटाच्या वर नांगर गोंदलेला आणि नांगराखाली 'डॉली'. रंगारी त्यावर लेप चढवत, पण उन्हात आणि दिव्यांखाली लेप वितळे आणि ऐन लढाईत डॉली बाहेर येई. शेवटी वेशभूषा खात्याच्या ड्यूई लार्किनने सहा इंच रुंद चामडी पट्टा कापायचा ठरवलं आणि कार्ड मागायला तो कोराकडे आला.

"रोमन शिपाई मनगटाला असं काही बांधत नसत," कोरा म्हणाली.

"अहो मिस प्रुइट, चारशे रोमन उन्हात उभे आहेत. दोघांना घेरी आली."

"मग त्यांना सावलीत बसवा."

"बसवले की चिलखत दुमडतं. तुम्ही एक कार्ड लिहा, मी एक पट्टा कापतो. सहा महिन्यांनी चित्रही कुणाला आठवणार नाही."

यात तो खोटं बोलत नव्हता. त्या काळी चित्रं सहा महिन्यांत विसरली जात. कोराने कार्ड टंकयंत्रात घातलं. मनगटपट्टा, चामडी. रोमन पायदळ. पहिलं शतक. आधाराशी ती बराच वेळ थांबली आणि मग तिने लिहिलं: खाजगी संग्रह. खाली सी. पी.

एका हातात पट्टा विचित्र दिसतो म्हणून दुसऱ्या हातात आला. नायकाला आहे आणि शिपायांना नाही, हे बरं दिसेना म्हणून चारशे जोड झाले. चित्र धो धो चाललं. दुसऱ्या स्टुडिओंच्या संशोधन खात्यांनी कार्डाच्या नकला मागवल्या, कारण प्रुइटचं कार्ड म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. शाळेची इतिहासाची पुस्तकं रंगवणारा एक चित्रकार येऊन दोन दिवस खणांपाशी बसला. पुढे महायुद्ध झालं, टेलिव्हिजन आला, आणि सहा महिन्यांत मरायची चित्रं दर ईस्टरला घराघरांत उठून बसू लागली. देशात बारा वर्षांच्या कोणत्याही मुलाला रोमन शिपाई काढायला सांगा, आधी मनगट काढून मग डोकं काढील.

कोराने हे कुणाला सांगितलं नव्हतं. सत्तावन्न साली तिच्या निवृत्तीला सहा महिने उरले आणि स्टुडिओने शेवटची जमीन गहाण टाकावी तसं एक प्रचंड रोमन चित्र काढायचं ठरवलं. दिग्दर्शक म्हणाला, या वेळी सगळं खरं पाहिजे, ज्याला शंका असेल त्याने आताच बोलावं. असं सगळेच म्हणतात, पण कोराने ते शब्दशः घेतलं. जायच्या आधी तेवढं एक कार्ड दुरुस्त करायचं होतं, बाकी तिची काही इच्छा नव्हती.

बैठकीला दिग्दर्शक, लार्किन, कोरा, टिपणं घ्यायला मी, आणि विद्यापीठातून आणलेले डॉक्टर किटरिज. त्यांचा विषय रोमन प्रांतांतली धान्यवसुली. मनगटापर्यंत त्यांचा अभ्यास पोचत नव्हता, पण माणूस प्रामाणिक होता. त्यांनी पट्ट्याचं कार्ड हातात घेऊन विचारलं, "हा खाजगी संग्रह कोणाचा?"

"कोणाचाच नाही," कोरा म्हणाली. "असा संग्रह नव्हता."

"मग कार्डावर कसा?"

"मी लिहिला म्हणून." आणि तिने सगळं सांगितलं, नांगरासकट. तिचा आवाज एरवीसारखाच सपाट होता. मी मात्र टिपणं घ्यायची थांबवली होती.

दिग्दर्शकाने विचारलं, "कॉल्टर?"

"तीन वर्षांपूर्वी वारले," कोरा म्हणाली. "पण मिस्टर लार्किन होते."

सगळ्यांनी लार्किनकडे पाहिलं. लार्किनने नखांकडे पाहिलं. "वीस वर्षं झाली," तो म्हणाला. "कुणाच्या हातावर काय होतं, काय सांगू? असेलही. मला नाही आठवत."

किटरिज हळूच म्हणाले, "मिस प्रुइट, शाळेच्या पुस्तकात तो मनगटपट्टा बांधलेला शिपाई पाहिला आणि मी या विषयाकडे वळलो. इतकी वर्षं एकच काम केलं की माणूस स्वतःवर नको तेवढा संशय घेऊ लागतो. माझ्या वडिलांचंही असंच झालं होतं."

"तुमचं एकही कार्ड आजवर चुकलेलं नाही," दिग्दर्शक म्हणाला.

"हे चुकलेलं आहे."

"हे तुम्ही म्हणता. कार्ड तसं म्हणत नाही."

कोराने किटरिजच्या हातातून कार्ड परत घेतलं. कार्डाच्या बाजूने आयुष्यभर तीच भांडली होती.

जिन्यावर लार्किनने तिला गाठलं. मी मागेच होतो, पण माझं अस्तित्व त्या इमारतीत कुणी फारसं मोजत नसे.

"कोरा, रागावलीस?"

"तुम्हाला खरंच आठवत नाही?"

"न आठवायला काय झालं. डॉलीतला एक एल उलटा होता. ज्याने गोंदला तो प्यायलेला असणार."

"मग आत का बोलला नाहीत?"

"गोदामात अकराशे जोड पडलेत. माझ्याकडे साठ माणसं होती, आता चौदा उरली. त्यांना काय सांगू, रोमन लोक उघड्या हातांनी हिंडायचे म्हणून तुम्ही घरी जा?"

कोराने कठड्याला धरलं. "मी नवीन कार्ड लिहिते. आधार म्हणून तुमचं नाव घालू द्या. ते कार्ड वापरू नका, पट्टे घाला हवे तेवढे. पण खणात तरी खरं असू दे."

"उद्या कुणी ते कार्ड वर नेऊन दाखवलं तर? मला दोन वर्षं काढायचीत." तो थोडा घुटमळला. "तू तेव्हा लिहिलंस तसंच लिही ना. पट्टे नव्हते, आधार खाजगी संग्रह. कोण विचारतंय?"

"डॉक्टर किटरिजनी विचारलं."

"आणि उत्तर मिळाल्यावर काय केलं त्यांनी?"

पुढचे तीन आठवडे कोरा आधार शोधत होती. घडलेल्या गोष्टीला आधार सापडतो. न घडलेल्या गोष्टीचा कागद कोण जपून ठेवणार? तिने पूर्व किनाऱ्यावरच्या दोन संग्रहालयांना पत्रं घातली. उत्तरं सभ्य आली: असा पट्टा आमच्या पाहण्यात नाही, मात्र तो नव्हताच, असं लेखी देणं आम्हाला शक्य नाही. एकाने उलट विचारलं होतं, की आपल्याकडच्या त्या प्रसिद्ध कार्डाची नक्कल मिळेल का.

एका दुपारी मी तिच्या खोलीत गेलो तेव्हा यंत्रात कार्ड होतं. मनगटपट्टा. रोमन पायदळ. वापरात नव्हता. चौथी ओळ कोरी. सँडविच न उघडता बाजूला पडलं होतं.

"घालून टाका की खणात," मी म्हणालो. "तीन ओळी खऱ्या आहेत."

"आधार नाही," ती म्हणाली.

"तुम्ही स्वतः आधार आहात."

"नुसत्या शब्दावर मी कुणाचंच कार्ड घेतलं नाही. आता माझं कसं घेऊ?" तिने कार्ड ओढून काढलं, मधोमध फाडलं आणि टोपलीत टाकलं. मग जुनं कार्ड जिथे होतं तिथे परत लावलं. तेही तिला फाडता आलं असतं. पण सही झालेलं कार्ड फाडणं तिच्या दृष्टीने निराळाच गुन्हा होता, आणि नकला पाच स्टुडिओंत होत्याच.

सप्टेंबरात ती निवृत्त झाली. खात्याने केक कापला, लार्किनने आपल्या हाताने शिवलेली चामडी पर्स दिली. ती तिने घेतली. तिच्या जागी कुणाला नेमलं नाही. वर्षभरात खातं बंद झालं आणि खण सुतारांनी खिळे ठेवायला नेले. कार्डं कुठे गेली, मी विचारलं नाही.

चित्राची जाहिरात करणाऱ्यांना मात्र कोराची आठवण झाली. श्रेयनामावलीत त्यांनी तिचं नाव घातलं, उभ्या हयातीत पहिल्यांदा: ऐतिहासिक अचूकता, मिस कोरा प्रुइट. तिने नाव काढायला सांगणारं पत्र लिहिलं. त्यांना तो विनय वाटला. त्यांनी अक्षरं मोठी केली.

चित्र लागल्यावर तिने मला सोबत यायला सांगितलं. दुपारचा खेळ होता, थिएटर अर्धं भरलेलं. लाल पडद्यावर नाव आलं आणि गेलं. पुढच्या रांगेतली माणसं तेव्हा मक्याच्या लाह्या वाटून घेत होती. मग तुतारी वाजली आणि त्या अफाट रुंद पडद्यावर डावीकडून उजवीकडे सैन्य चालत आलं, मनगटं चमकवत. ती ताठ बसून पाहत राहिली. मध्यंतरात उठली आणि दाराकडे निघाली. मीही उठलो.

बाहेर डोळे चुरचुरतील इतकं धुरकट ऊन होतं. बसथांब्यावर मी म्हणालो, "नाव काढायला पुन्हा लिहू या का? या वेळी मीही सही करतो."

"आणि कारण काय देणार?" तिने विचारलं. "मी चुकले म्हणून? ते मी सांगून झालं."

बस आली. ती चढली, खिडकीपाशी बसली आणि नवी पर्स तिने मांडीवर ठेवली. मी हात केला तेव्हा तिचं लक्ष नव्हतं.