उजव्या हातावरचा प्रसाद

सुलभाताईंनी देवांगकडे पहिल्यांदा नीट पाहिलं, ते त्याने डस्टर फेकला तेव्हा. अमेरिकेतल्या फ्रिस्को शहरातली रविवारची मराठी शाळा भाड्याच्या वर्गात भरायची. नाशिकच्या शाळेतून निवृत्त होऊन लेकीकडे राहायला आलेल्या सुलभाताई तिथे शिकवत. "डस्टर डब्यात ठेव रे," असं त्या म्हणाल्या आणि सात वर्षांच्या देवांगने तो शेवटच्या बाकावरून भिरकावला. डस्टर नेमका डब्यात पडला. त्या रागावणार होत्या, पण पोराने डब्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. तो मान खाली घालून पुन्हा 'ळ' गिरवायला लागला होता.

पुढे तो हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक झाला. क्वार्टरबॅक म्हणजे हाताने चेंडू लांब फेकून सगळा डाव चालवणारा, एवढं सुलभाताईंना कळलं होतं. सामने शुक्रवारी संध्याकाळी असत, तेव्हा त्या उशी घेऊन स्टेडियमच्या बाकावर बसत. शेजारी त्याची आई, चारुता. देवांगवर दोघं-तिघं धिप्पाड पोरं कोसळली की ती डोळे मिटून घेई.

"मावशी, उठला का?"

"उठला गं. बघ आता."

शाळेच्या शेवटच्या वर्षी एका मोठ्या कॉलेजचे कोच त्याचा खेळ बघायला येणार होते. तो त्यांना पसंत पडला, की पुढचा रस्ता मोकळा. त्याच्या आदल्या रविवारी मंडळाचा गणपती होता. आरती झाल्यावर सुलभाताई शिऱ्याचा प्रसाद वाटत होत्या. देवांगने डावा हात पुढे केला.

"बघा, क्वार्टरबॅकला साहेबी चढली," मागून गुरुनाथकाका म्हणाले. "उद्या टीव्हीवर दिसायला लागलास की आम्हाला ओळख तरी दे रे."

सगळे हसले. देवांगही हसला.

"उजवा हात, बाळा," सुलभाताई सवयीने म्हणाल्या.

त्याने उजवा हात पुढे केला, पण कोपर अंगाला चिकटवून, मनगटाला डाव्या हाताचा आधार देऊन. चमचाभर शिरा तळव्यावर पडला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते.

हॉलबाहेर चपलांच्या ढिगापाशी त्यांनी त्याला गाठलं.

"कधीपासून दुखतोय खांदा?"

"इट्स फाइन, आजी. टू वीक्स झाले." मग आवाज खाली गेला. "आईला नको ना सांगू. फक्त हा फ्रायडे खेळू दे. मग मीच सांगतो, प्रॉमिस."

खोटं बोलणारी मुलं त्यांनी जन्मभर ओळखली होती. हा खरं बोलत होता. शनिवारी सकाळी त्याने नक्की सांगितलं असतं. सुलभाताईंनी त्याच्या केसांवरून हात फिरवला, आत गेल्या आणि आरतीची ताटं विसळणाऱ्या चारुताला सगळं सांगितलं.

खांद्याच्या सांध्यातली कूर्चा फाटली होती. ऑपरेशन झालं. कॉलेजचे कोच आले नाहीत, त्यांचे फोनही हळूहळू थांबले. पुढच्या उन्हाळ्यात एका लहान कॉलेजने सरावाला बोलावलं, आणि पहिल्याच आठवड्यात तो त्याच खांद्यावर पडला. पुन्हा ऑपरेशन. एक डॉक्टर म्हणाले, वर्षभर थांबून बघू. दुसरे म्हणाले, जेवणखाण आणि गाडी चालवण्यापुरता हात जपा.

"मावशी, एक शुक्रवार थांबला असतात तर?" चारुताने एकदा कोथिंबीर निवडता निवडता विचारलं. लगेच म्हणाली, "नाही, तुमचं बरोबरच होतं."

सुलभाताईंनी कोथिंबिरीची पुढची जुडी ओढून घेतली. त्या शुक्रवारी खांदा टिकला असता, की तेव्हाच कायमचा गेला असता, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं.

देवांग त्यांच्यावर रागावला असता तर त्यांना सोपं गेलं असतं. पण तो भेटला की वाकून नमस्कार करतो, "गुडघे कसे आहेत, आजी?" विचारतो, गाडीचं दार उघडून धरतो. दार तो डाव्या हाताने उघडतो.

आता तो वीस वर्षांचा आहे. घरी राहून कम्युनिटी कॉलेजात अकाउंटिंग शिकतो आणि एका इंडियन ग्रोसरीत काम करतो. तांदळाच्या गोण्या दुसरी मुलं उचलतात, देवांग काउंटरवर असतो. शुक्रवार संध्याकाळची पाळी त्याने मागून घेतली आहे.