जिभेवरचा ण

"पहिला संदेश पोचला आनि दुसरा तुटला," मी म्हणाले. सरांनी हात वर केला.

"आणि. ण. बाई, आधी जिभेवरचे एरर करेक्ट करा. कोडचं मग बघू."

आकुर्डीच्या कॉलेजातला सेमिनार हॉल हसला. मीही हसले. सगळ्यांत मोठ्यानं. बावळट कुठली.

लिहिताना माझा ण चुकत नाही. बोलताना निसटतो. बाप फाउंड्रीत, आई कंपनीच्या कॅन्टीनमध्ये. पिंपरीतल्या आमच्या वस्तीत चौदा एप्रिलच्या जयंतीची भाषणंसुद्धा 'न'वरच दणाणायची. चाळिशी उलटल्यावर, शिकवता शिकवता पीएचडीला बसले. हे सर माझे गाइड.

काम माझं होतं. चाकणच्या कारखान्यात मशीनवर बसवलेले वायरलेस सेन्सर. शेजारी वेल्डिंग सुरू झालं की संदेश हवेतच बिघडायचा. म्हणून त्याच्यासोबत थोडे जादा आकडे पाठवायचे, हाच कोड. त्यांच्या आधारानं पलीकडचं यंत्र चूक ओळखतं, गुपचूप दुरुस्त करतं. हसत नाही.

आणि ही विदुषी काय करत होती? न्हाणीघरात कोंडून घेऊन ण घोटत होती. पाणी, लोणी, कोण, कोणी. नवरा बाहेरून म्हणाला, "अगं, अंघोळ चाललीय का सत्यनारायण?" आमच्या घरात, सत्यनारायण!

मग परिषद आली. सर म्हणाले, काम उत्तम आहे हो तुमचं, पण ऐकणाऱ्यांना त्रास नको. पेपर त्यांचा दुसरा विद्यार्थी वाचेल. मी "बरं सर" म्हणाले. वर थँक्यूही म्हणाले.

त्यानं छान वाचला. टाळ्या पडल्या. सरांनी मागच्या रांगेत मला शोधलं.

"बाई, पाहुण्यांना जरा पानी द्या."

पानी. माझं पानी, त्यांच्या तोंडून. पुन्हा हॉल हसला. या वेळी मी नाही.

कुणाला कळलं नाही असं झालं का? पाण्याचा जग हातात घेऊन शिपाईदादा निघालेसुद्धा होते. मी उभी राहिले.

"सर, पानी म्हटलं तरी सगळ्यांना पाणीच कळलं. संदेश पोचला. पोचूनही ज्याला चूकच ऐकू येते, त्याचा रिसीव्हर बिघडलाय. पानी मी देणार न्हाई. आनि माझा पेपर यापुढं दुसरं कुणी वाचणार न्हाई."

कुणी टाळी वाजवली नाही. विद्यार्थी मान खाली घालून वायर गुंडाळत राहिला. सरांनी माझ्या प्रबंधावर सही केलीच नाही. मी निवृत्त झाले, तेही डॉक्टर न होता.

आता दुसऱ्या गाइडकडं नव्यानं नाव घातलंय. पहिलीतली नात विचारते, "आजी, तुला ण शिकवू?" तिला म्हटलं, तुझा तुझ्याकडं ठेव, मला माझा न पुरतो.

व्हायव्हाला मीच बोलणार. परीक्षकांनी थांबवलं तर वाक्य पहिल्यापासून पुन्हा म्हणणार. 'आनि'सकट.